गाडीत ठेवायचा हवेचा पंप, गुहागर ट्रिपनंतरचा रिव्ह्यू

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून गुहागरला गेलो होतो, उंब्रज-पाटण करत कुंभार्ली घाटातून, आई-बाबा, बायको, मुलगी आणि डिकी फुल्ल. निघायच्या आधी हा १२ व्होल्टवाला टायर इन्फ्लेटर घेतला, अडीच हजाराच्या आसपास पडला. पंक्चर झालं तर असावा एवढंच डोक्यात होतं, खरा उपयोग वेगळाच निघाला.

पेट्रोल पंपावर हवा चेक करेपर्यंत गाडी बरीच पळालेली असते, टायर तापून प्रेशर दोन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दाखवतं आणि आपल्याला वाटतं सगळं ओके. खरं रीडिंग सकाळी गार टायरचं. आणि ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतो ना, त्यावर फुल लोडचे आकडे वेगळे असतात, माझ्या गाडीला मागे ३६ हवेत आणि मी इतकी वर्षं चारी टायरना ३२च भरत होतो!

परतीच्या दिवशी सकाळी लावून बघितला तर मागचा डावा टायर २४. नुसतं बघून अजिबात कळत नव्हतं. ट्यूबलेस आहे त्यामुळे खिळा आत रुतून हवा हळूहळू जात होती. तसेच पाच जण बसून घाट चढलो असतो तर... कमी हवेचा टायर दबून दबून आतून तापतो आणि फुटतो, माझ्या पोटात गोळाच आला. २४ वरून ३६ ला यायला पाचेक मिनिटं लागली, आकडा सेट केला की आपोआप बंद होतो. तेवढ्या हवेवर सावकाश शृंगारतळीच्या पंक्चरवाल्याकडे पोचलो.

आता तक्रारी. केबल मागच्या चाकापर्यंत कशीबशी पोचते, मोठ्या गाडीला पुरणार नाही. आवाज प्रचंड. नळीचं तोंड एवढं तापतं की चटका बसतो, रुमालाने धरा. इंजिन चालू ठेवूनच लावा नाहीतर बॅटरी उतरेल.

आणि प्लीज घाटात वळणावर थांबून हवा भरत बसू नका, मोकळी जागा बघून आधी मागे लाल वॉर्निंग ट्रँगल ठेवा. टायर घासून त्याच्या खाचांतल्या छोट्या उंचवट्यापर्यंत आला असेल (म्हणजे खाच १.६ मिमीच उरली) तर हवा भरून उपयोग नाही, बदलाच.

पाचपैकी चार स्टार. घरी आल्यावर स्टेपनीला लावून बघितला, १८ निघाली. तुमची पण आजच बघा.