महाद्वार रोडवरील धार्मिक पुस्तकांचे दुकान
कुत्रा आणि माणूस यांच्या नात्यातील अध्यात्म सांगणाऱ्या कथा हव्या असतील, तर अंबाबाई मंदिराजवळच्या या जुन्या दुकानात अवश्य जावे. महाभारताचे १७ वे, म्हणजे महाप्रस्थानिक पर्व मागताच दुकानदारांनी सटीक प्रत काढून नेमका तो प्रसंग उघडून दिला, जिथे इंद्राचा रथ समोर उभा असतानाही युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास नकार देतो आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म असल्याचे उघड होते. माझ्या मते या विषयावरची ही सर्वांत थोर कथा आहे, कारण इथे कसोटी लागते ती आश्रिताला न सोडण्याची. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव मुलांच्या सचित्र पुस्तकात भेटले. त्याची छपाई मात्र फिकट आहे. दत्त महाराज रोज भिक्षेला कोल्हापुरात येतात, अशी श्रद्धा बाळगणाऱ्या या गावात त्यांच्या पायाशी असलेले चार श्वान म्हणजे चार वेद हे घरोघरी ठाऊक आहे, तरीही त्यावरचे स्वतंत्र पुस्तक इथे मिळाले नाही, ही उणीव जाणवली. दुकानदार पुस्तके निवांत चाळू देतात. नवरात्रात रस्त्यावर फार गर्दी असते, तेव्हा ते दिवस टाळावेत.