वुडसन की हचिन्सन?

मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सार्वकालिक श्रेष्ठ बचावपटू कोण, यावर एका मित्राचं घोडं अडलंय.

निव्वळ दबाव पाहिला तर एडन हचिन्सन. 2021 मध्ये 14 सॅक (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणं), मिशिगनचा विक्रम. त्यातले तीन ओहायो स्टेटला 42-27 हरवताना. हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या मतदानात मात्र तो दुसरा.

चार्ल्स वुडसनने 1997 मध्ये हाइझमन जिंकलीच, शिवाय संघाने 12 पैकी 12 सामने जिंकले. त्याचे 8 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास मधेच पकडणं) सोडा, मिशिगन स्टेटविरुद्ध साइडलाइनजवळ झेपावून एका हाताने पकडलेला तो चेंडू बघा! पाय जेमतेम मैदानात टेकलाय. वर पासही झेलायचा, पंट (प्रतिस्पर्ध्याने लाथेने दूर मारलेला चेंडू) झेलून उलट धावायचाही; ओहायो स्टेटविरुद्ध तर थेट 78 यार्ड.

क्वार्टरबॅकला श्वासही घेऊ न देणारा हवा, तर हचिन्सन. सामना कुठूनही फिरवणारा हवा, तर वुडसन. माझं मत त्यालाच.