धुळ्याच्या रस्त्यांवर रोड बाईकची नवी चाकं: दिवाळी ते पोळा

दिवाळीच्या आसपास माझ्या रोड बाईकला नवी चाकं बसवली, आता पोळा होऊन गेला. मधे थंडी, मे महिन्याची भट्टी आणि पाऊस, तिन्ही ऋतू चाकांनी बघितले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. निकाल आधीच सांगतो: खान्देशात चाकं घेताना वजनाचा आकडा नंतर बघा. तार तुटली तर तशी तार कुठे मिळेल आणि रिंगचा आऊट, म्हणजे फिरताना येणारा डगमगाट, कोण काढून देईल, हे आधी बघा.

गाडीबरोबर आलेली चाकं जोडीला दोन किलोंच्या वर होती. रिंग आतून अरुंद आणि मागच्या चाकाच्या डाव्या तारा कायम ढिल्या. बदलायची ठरवल्यावर समोर तीन रस्ते होते: ५० मि.मी. खोलीची कार्बनची चाकं, कमी तारांची तयार ॲल्युमिनियमची जोडी, किंवा हब (चाकाचा मधला भाग), रिंग, तारा सुट्या घेऊन हाताने बांधून घ्यायची.

कार्बनचा मोह साक्री रोडने घालवला. मित्राची चाकं दोन-तीन रविवार मागून घेतली होती. सपाटीला, वारा पाठीशी असताना, मजा येते, खोटं कशाला बोलू. पण साक्रीच्या पुढे ब्राह्मणवेलच्या पठारावर त्या एवढ्या पवनचक्क्या कोणी शोभेसाठी लावलेल्या नाहीत. तिथला आडवा वारा खोल रिंगेला धरतो आणि पुढचं चाक हातातून ओढून नेतो. त्यात कापसाचा ट्रक शेजारून गेला की आधी वारा तुटतो आणि लगेच दुप्पट जोराने परत येतो. शर्यतीच्या वेगाने जाणाऱ्याला खोल रिंगेचा फायदा नक्की मिळतो. मी एकटा सत्तावीस-अठ्ठावीसच्या वेगाने जाणारा माणूस, मला तो फायदा कमी आणि धास्ती जास्त.

तयार जोडीत अडचण वेगळी. बऱ्याच तयार चाकांना सरळ डोक्याच्या तारा असतात, त्याही त्या कंपनीच्याच मापाच्या. पाच कंदिलाजवळच्या कुठल्याही सायकलवाल्याकडे जा, वाकड्या डोक्याची १४ गेजची, म्हणजे २ मि.मी.ची तार त्याला ओळखीची असते. सरळ डोक्याची दाखवली की तो तार हातात फिरवतो आणि आपल्याकडे बघतो. शिवाय २०-२४ तारांच्या चाकात एक तुटली की रिंग लगेच ब्रेककडे किंवा फ्रेमकडे झुकते. २८ तारांचं चाक निदान घरापर्यंत आणतं.

म्हणून नाशकात बांधून घेतली. मागे-पुढे २८ तारा, मधे बारीक केलेल्या म्हणजे २-१.८-२ मि.मी.च्या, तारा कसायच्या निपल पितळी, हब शिमानोचे कप-कोनवाले, म्हणजे सुट्या छर्ऱ्यांचे, घरी खोलता येणारे, रिंग आतून १९ मि.मी., ट्यूबलेसची (आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं पातळ सीलंट), पण हुकवाली, म्हणजे टायरची कड धरायला काठ आतून वळवलेली. बिनहुकाची मुद्दाम टाळली. तिला हवेच्या दाबाची ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआयची मर्यादा असते आणि ट्यूब घातली तरी टायर ट्यूबलेसच लागतो. वाटेत अडकलो तर मिळेल तो टायर चढवता यावा, एवढीच माझी अपेक्षा.

वजन जोडीमागे तीनेकशे ग्रॅमने उतरलं. त्याने चढ सोपा झाला का? मी आणि गाडी मिळून ८५ किलो धरा, तीनशे ग्रॅम म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. तोरणमाळच्या सातपायरी घाटात तासभर पाय मारला तर दहा-बारा सेकंद वाचतील. लळिंगच्या चढाला तर तेही नाही. फरक पडला तो रुंदीने. २८ मि.मी.चा टायर या रिंगेवर नीट बसतो. ७५ किलोच्या माणसाला मागे ७० आणि पुढे ६५ पीएसआय पुरते आणि पारोळा रोडवरच्या ठिगळांचे दणके मनगटापर्यंत येत नाहीत.

आता सराटे. खान्देशात ट्यूबलेस घ्यायचं खरं कारण हेच. शिंदखेड्याकडे एका बांधाशी गाडी टेकवून चहा घेतला, परत आलो तर पुढच्या टायरला सराटे लगडलेले. ट्यूब असती तर दुपार तिथेच गेली असती. एकेक काटा उपटला, भोक खाली येईल असं चाक फिरवलं, पांढरा फेस आला, फुस्स झालं आणि बंद. शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "हाई चाक कितलानं शे भो?" आकडा मी जरा कमी करूनच सांगितला.

पण उन्हाळ्यात याच सीलंटने रडवलं. पारा ४४-४५ वर, गाडी पत्र्याच्या ओसरीत. मेअखेर टायर उघडला तर आत ओलावा नावालाही नव्हता, सगळ्याची रबरासारखी साय झालेली आणि व्हॉल्व्हही चोंदलेला. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, मार्च ते जून दर महिन्याला टायरमागे ३०-४० मि.ली. भरायचंच. दुसरी कटकट म्हणजे नवा टायर बसवायला हवा एकदम जोरात लागते, हातपंपाने जमत नाही. हायवेवरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो, पण आपला व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा, असतो, त्याला पितळी ॲडॉप्टर खिशात हवा. आणि भाऊला आकडा आधीच सांगा, तो ट्रकच्या सवयीने भरतो.

तारांचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात मागच्या चाकातून टिंग-टिंग आवाज यायचा. नव्या तारा बसतात, एकदा ताणून घ्याव्या लागतात. मागच्या चाकात गिअरच्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात, समोरच्या बाजूच्या कमी, म्हणून ढिल्या होतात त्या डावीकडच्याच. एकदा ताण सारखा केल्यावर पूर्ण पावसाळ्यात आऊट आला नाही. तार बहुतेक वेळा तुटते ती डोक्याजवळच्या वाकात, आणि तीही ढिल्या चाकात, सतत सैल-घट्ट होऊन. हे पटलं की महिन्यातून एकदा बोटांनी तारा चाचपायची सवय आपोआप लागते.

श्रावणात काळ्या मातीने हब भरला होता. खोलला, छर्रे-कोन रॉकेलने धुतले, ग्रीस भरलं, कोन बेताने कसले, घरीच झालं. या हबचा आवाज मात्र फारच कमी. मित्राच्या हबची कटकट ऐकून शेळ्या आधीच बाजूला होतात, मला घंटी बसवावी लागली.

दोन्ही चाकं मजुरीसकट वीस हजारांच्या आत बसली. बांधून घेताना प्रत्येक मापाच्या दोन-दोन तारा जादा मागून घ्या. मागच्या चाकात डाव्या-उजव्या तारांची लांबी वेगळी असते, म्हणून पुडीवर बाजू लिहून ठेवा. माझ्या सीटपोस्टच्या नळीत त्या गुंडाळून ठेवल्यात, अजून लागलेल्या नाहीत.