लोरा मॉड्यूल, तीन अँटेना आणि आठ महिने – वापरानंतरचा अनुभव

पाण्याच्या टाकीची लेव्हल घरबसल्या कळावी म्हणून ४३३ मेगाहर्ट्झची दोन लोरा मॉड्यूल (कमी पॉवरवर थोडाथोडा डेटा लांबवर पाठवणारे छोटे रेडिओ) घेतली, एक टाकीपाशी नि एक घरात, मधे जेमतेम पाऊण किलोमीटर. जाहिरातीत कित्येक किलोमीटर लिहिलेले असतात त्यामुळे वाटलं हे तर हसत होईल. सोबत आलेल्या स्प्रिंग अँटेनावर निम्मी पॅकेटं (एकेक संदेश) गायब!

मग सगळे करतात तेच केलं, जास्त डीबीआय (म्हणजे अँटेनाचा गेन) लिहिलेला लांबडा अँटेना मागवला, तर सिग्नल उलट आणखी पडला. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की अँटेनाचा कनेक्टर आरपी-एसएमए आणि पिगटेल (मॉड्यूलला जोडलेली छोटी केबल) साधं एसएमए, आटे एकमेकांत मस्त बसतात पण दोन्हीकडे भोकच, मधे पिन नाहीच. म्हणजे दोन दिवस जवळपास अँटेनाशिवाय ट्रान्समिट चालू होतं, मॉड्यूल उडालं नाही हे नशीब.

खरा फरक पडला साध्या तांब्याच्या तारेने. ३०० भागिले ४३३.९२ केलं की वेव्हलेंग्थ येते साधारण ६९ सेंटिमीटर, त्याचा पाव म्हणजे १७.३. तार आधी १८ ला कापायची नि मग थोडी थोडी छाटत नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) एसडब्ल्यूआर बघायचा, म्हणजे किती पॉवर अँटेनाकडून परत येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच परत नाही. पण नुसती तार म्हणजे अर्धाच अँटेना, उरलेलं अर्धं काम ग्राउंडचं, आणि एवढ्याशा बोर्डावर ग्राउंड असून असणार किती. खालच्या बाजूला ४५ अंशात चार तारा लावल्या आणि पॅकेटं हरवायची जवळजवळ थांबली. (एसडब्ल्यूआर १ च्या जवळ आला म्हणून लगेच नाचू नका, डमी लोडचाही (अँटेनाऐवजी लावायचा नुसता रेझिस्टर) तेवढाच येतो आणि तो बाहेर काहीच फेकत नाही.)

मग हाव सुटली. घरातला अँटेना पाच मीटर आरजी १७४ केबल लावून गच्चीवर नेला. ही बारीक केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे ०.६ डीबीच्या (डेसिबल) आसपास खाते, म्हणजे पाच मीटरला ३ डीबी, अर्धी पॉवर केबलच्याच पोटात. तरी फायदा झाला कारण भिंती टळल्या, पण शेवटी मॉड्यूलच डब्यात घालून वर ठेवलं आणि खाली फक्त सप्लाय नि डेटाची वायर आणली. हे पहिल्यांदाच सुचायला हवं होतं.

पॉवर वाढवायचं डोक्यात असेल तर आधी हिशेब करा, अगदी मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट हवं तर ६ डीबी लागतात म्हणजे चौपट पॉवर, शिवाय कायद्याची मर्यादा आहेच. मी त्याऐवजी स्प्रेडिंग फॅक्टर (लोराची एक सेटिंग, वाढवली की वेग कमी पण कमजोर सिग्नलही पकडता येतो) ७ चा १० केला, पॅकेट हळू जातं, जाऊदे, टाकी काय पळून जातेय?

मधे एकदा वाऱ्याने टाकीवरचा अँटेना आडवा झाला, गच्चीवरचा उभाच, आणि सिग्नल धाडकन खाली, कारण दोन्ही अँटेना एकाच दिशेत हवेत. मी तासभर कोड तपासत बसलो होतो. पावसाळ्यात कनेक्टरमधे पाणी पण शिरलं, आता सेल्फ-फ्यूजिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) गुंडाळलीय.

स्प्रिंगवाले दोन्ही अँटेना ड्रॉवरमधे पडलेत, टेबलावरच्या टेस्टिंगला बरे आहेत.