कोथरूडमधली सरकारी बँक: काउंटरला पाच स्टार, विम्याच्या टेबलाला एक

लॉकरसाठी गेले होते. शाखेचं नाव लिहीत नाही, ओळखत बसू नका.

आधी चांगलं. पेन्शनच्या काउंटरवर एक अंध क्लार्क आहेत, कानात इअरफोन, स्क्रीन रीडर भराभर वाचत असतो आणि हे त्याच स्पीडने टाइप करतात. नोव्हेंबरची हयातीच्या दाखल्याची गर्दी (ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, तरी सगळे नोव्हेंबरातच येणार, असो). एका काकूंचा अंगठा मशीन घेईचना, तर "घाई नाही काकू, बोट पुसा, आता दुसरं ठेवा" करत करत त्यांनी काम उरकलंच. शेजारची ऑफिसर मुलगी बिहारची, "आजी, सही इथे करायचं" असं मोडकंतोडकं का होईना पण मराठी बोलते. दिव्यांगांच्या ४ टक्के जागा काय, ऑफिसरांची देशभरातून भरती काय, आपण नुसते वाद घालतो, इथे त्याचा उपयोग डोळ्यांनी दिसला.

आता विम्याचं टेबल. लॉकर हवाय तर आधी पॉलिसी घ्या म्हणे, वरून टार्गेट आहे! अहो, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तुम्ही फार तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च निघेल एवढी एफडी मागू शकता, विमा कुठून आला मधेच?

माझी मावसबहीण दुसऱ्या सरकारी बँकेत आहे. तिने सांगितलं की बँका आणि युनियनच्या २०२० च्या करारात इन्सेंटिव्ह (म्हणजे पगारावरचा जादा पैसा) अख्ख्या बँकेच्या ऑपरेटिंग नफ्यावर ठरला, वाढ ५ ते १० टक्के झाली तर ५ दिवसांचा बेसिक आणि डीए, १५ च्या वर गेली तर १५ दिवसांचा, शिपायालाही तेवढेच दिवस. हे मला पटतं. पण नंतर वरच्या स्केलच्या (हुद्द्याच्या) ऑफिसरांना ज्याच्या त्याच्या कामगिरीवरची वेगळी स्कीम आली, मार्च २०२५ च्या संपाच्या हाकेत युनियनचा त्यालाही विरोध होता, आणि मला तरी तो बरोबर वाटतो. काकूंच्या अंगठ्याचे मार्क कोण देणार? पॉलिसी मोजायला सोपी, म्हणून तीच मोजणार. आणि वरच्यांचं टार्गेट खाली आलं की जिचं पुण्यात ना सासर ना माहेर ती बिहारची पोरगी पॉलिसी विकणार कुणाला? इथल्या माणसाचे निम्मे गिऱ्हाईक तर भावकीतच निघतात.

लॉकर शेवटी एफडीवरच मिळाला, नियमाची प्रिंट समोर ठेवल्यावर. तुम्हीपण ती न्या, आणि गाडी नेऊ नका, पार्किंग अजिबात नाही.