‘आतून शेव्हरोलेच आहे’ असं सांगून गळ्यात मारलेली गाडी

अमेरिकेत एमएस करायला येणाऱ्या आपल्या मुलांकडे पहिल्या वर्षी गाडीसाठी चार-पाच हजार डॉलरच्या वर पैसे नसतात. त्या पैशांत जुन्या गाड्यांच्या लॉटवर, म्हणजे विक्रीच्या आवारात, जे काही मिळतं, त्यात सॅटर्न, पॉन्टिअ‍ॅक, मर्क्युरी ही नावं हमखास दिसतात. हे सगळे ब्रँड आता बंद झालेत. गेल्या वर्षी ओहायोमध्ये माझ्या भाच्याला अशीच एक गाडी विकली गेली. व्यवहार झाला तेव्हा मी त्याच्या शेजारीच उभा होतो, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते ऐकीव नाही. तक्रार अजून चालू असल्यामुळे लॉटचं नाव देत नाही. पण त्यांची पद्धत नीट समजून घ्या, कारण ती त्या एका लॉटपुरती नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. शेव्हरोले, पॉन्टिअ‍ॅक, सॅटर्न आणि ओल्ड्समोबिल हे ब्रँड जिचे, ती जनरल मोटर्स जून २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. पॉन्टिअ‍ॅक बंद करायचं एप्रिलमध्येच जाहीर झालं होतं. सॅटर्न विकायची बोलणी सप्टेंबरअखेर फिसकटली आणि तोही ब्रँड गुंडाळला गेला. ओल्ड्समोबिल त्याआधी, २००४ मध्येच संपलं होतं. फोर्डने मर्क्युरी बंद करण्याचा निर्णय २०१० मध्ये घेतला. म्हणजे आज लॉटवर दिसणारी सॅटर्न किंवा पॉन्टिअ‍ॅक फार तर २०१० चं मॉडेल असणार, त्याहून नवी असूच शकत नाही. ही २०१० ची मर्यादा लक्षात ठेवा, पुढे तिचाच फायदा उठवला गेला आहे.

त्या लॉटवर दोन गाड्या शेजारी शेजारी लावल्या होत्या, पॉन्टिअ‍ॅक व्हाइब आणि २००८ ची सॅटर्न अ‍ॅस्ट्रा. सेल्समनने आम्हाला आधी व्हाइबपाशी नेलं. बॉनेट उघडून म्हणाला, नाव पॉन्टिअ‍ॅकचं असलं तरी आतून ही टोयोटा मॅट्रिक्स आहे, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला दोन्ही कंपन्यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात तयार झाली, पार्ट कुठेही मिळतात. यातला शब्द न् शब्द खरा आहे. भाच्याने तिथल्या तिथे फोनवर शोधून पाहिलं आणि त्याचा त्या माणसावर विश्वास बसला. मग कळलं की व्हाइबवर कुणीतरी आगाऊ रक्कम भरून ठेवली आहे. ‘पण ही शेजारची बघा, हिचंही तेच. नाव सॅटर्नचं, आतून शेव्हरोलेच आहे. कुठल्याही शेव्हरोलेच्या दुकानात जा, पार्ट फळीवर असतात.’

फसवणूक झाली ती इथे. एका गाडीबद्दलचं खरं, तपासून पाहता येणारं विधान त्याने आधी केलं आणि मग तेच दुसऱ्या गाडीला चिकटवलं. सॅटर्न अ‍ॅस्ट्रा ही शेव्हरोले नाही. ती युरोपातली ओपल अ‍ॅस्ट्रा आहे. बेल्जियममध्ये अँटवर्पला बनायची, जहाजाने अमेरिकेत यायची आणि इथे जेमतेम दोन वर्षं विकली गेली. अँटवर्पचा तो कारखाना २०१० च्या अखेरीस बंद पडला आणि २०१७ मध्ये जनरल मोटर्सने ओपलही विकून टाकली. १.८ लिटरचं इंजिन पुढे शेव्हरोले क्रूझ आणि सॉनिकमध्ये थोड्याफार फरकाने वापरलं गेलं, त्यामुळे इंजिनाचे बरेचसे पार्ट मिळतात हे कबूल करायला हवं. पण दारं, बम्पर, आरसे, दिवे, काचा यांतलं काहीही अमेरिकेतल्या कुठल्याच शेव्हरोलेला जुळत नाही.

गाडी घेतल्यावर थोड्याच दिवसांत पार्किंगमध्ये कुणीतरी मागे घेताना डावा हेडलाइट फोडून गेलं. एरवी असं काम एका दुपारी उरकतं. शेव्हरोलेच्या सर्व्हिस सेंटरमधल्या बाईंनी कॉम्प्युटरवर पार्ट नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली. नंबरापुढे ‘बंद’ अशी नोंद होती. त्यांनी आपल्या परीने बरीच मदत केली, जंकयार्डचे फोन नंबर दिले. पण जी गाडी मुळातच कमी विकली गेली ती जंकयार्डात तरी किती सापडणार? ब्रिटनमधून स्वस्तात हेडलाइट मागवता येतो असं कुणीतरी सुचवलं. तसं करू नका. तिथे वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, त्यामुळे दिव्याचा झोत उलट्या बाजूला पडतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो.

तरीही हेडलाइटचं दुखणं सोसता आलं असतं. खरा धक्का पुढे बसला. इंजिनातून खरखर यायला लागली म्हणून गाडी एका ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने टायमिंग बेल्टवरचं काळं प्लास्टिकचं झाकण काढलं, उलटं करून पाहिलं आणि आम्हाला हाक मारली. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने लिहिलेलं होतं, ‘नवा बेल्ट, ऑगस्ट २०१७, १,१८,४००’. बेल्ट बदलला की महिना आणि मायलेज, म्हणजे गाडी तोवर किती मैल चालली तो आकडा, असं लिहून ठेवायची बऱ्याच मेकॅनिकांची सवय असते. डॅशबोर्डवरचा आकडा त्या दिवशी सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास होता. आम्हाला गाडी विकली होती ‘८६ हजार ओरिजिनल मैल’ म्हणून. भाचा बराच वेळ ते झाकण हातात धरून उभा होता. त्या पैशांत त्याची सुट्टीतल्या कामाची सगळी कमाई होती, आणि माझा संताप आजही गेलेला नाही.

आता २०१० चा मुद्दा. अमेरिकेत गाडी विकताना ओडोमीटरचा, म्हणजे चाललेले मैल मोजणाऱ्या मीटरचा, आकडा टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, लिहून द्यावा लागतो. पूर्वी दहा वर्षांवरच्या गाड्यांना यातून सूट होती. २०२१ पासून ती मुदत वीस वर्षांची झाली, पण फक्त २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलांसाठी. २०१० किंवा त्याआधीची गाडी असेल तर आकडा लिहून द्यायचं बंधनच नाही. टायटलवर त्या जागी ‘एक्झेम्प्ट’ एवढाच शिक्का असतो. याचा अर्थ लक्षात घ्या. जगातली प्रत्येक सॅटर्न आणि प्रत्येक पॉन्टिअ‍ॅक या सुटीत बसते. शेवटच्या वर्षातल्या थोड्या मर्क्युरी सोडल्या तर बाकीच्या मर्क्युरीही तशाच. ज्याला आकडा मागे फिरवायचा आहे त्याला याहून सोयीचा माल मिळणार नाही. आम्ही नंतर पैसे भरून गाडीचा इतिहास काढला. टायटलवरची शेवटची नोंद २०१७ च्या मार्चमधली, १,१४,००० मैलांची. त्यानंतर मायलेजचा रकाना कोरा.

एक मात्र ठणकावून सांगतो. सूट आहे ती फक्त लिहून देण्यातून. आकडा फिरवणं, किंवा तो खोटा आहे हे ठाऊक असताना खरा म्हणून सांगणं, हा गाडी कितीही जुनी असली तरी गुन्हाच आहे. फसवण्याचा हेतू सिद्ध झाला तर केंद्रीय कायद्याने तिप्पट नुकसानभरपाई मागता येते. आम्ही झाकण घेऊन गेलो तेव्हा लॉटचा मालक टायटलवरच्या त्या शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘इथे लिहिलंय, आमची जबाबदारी नाही.’ असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका.

गाडीबरोबर त्यांनी हजारभर डॉलरची एक ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ही विकली होती, बंद ब्रँड आहे म्हणून खास काळजी घेतोय असं सांगून. ती ना जनरल मोटर्सची होती, ना लॉटची. तिसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचा करार होता. इंजिनाच्या कामासाठी दावा केला तर उत्तर आलं की करारातल्या अटीनुसार ओडोमीटरचा आकडा खरा नसल्यास करार रद्द. म्हणजे फसवणूक उघड झाली आणि त्याच क्षणी संरक्षणही गेलं! असे करार करण्याआधी नकाराची कलमं वाचायला मागा. आधी पैसे, मग कागद, असं कुणी म्हणालं तर तो करार घेऊ नका.

आणखी दोन थापा तिथे ऐकल्या, त्या इतरांच्याही तोंडी ऐकल्या आहेत. कंपनीला दहा वर्षं पार्ट पुरवणं कायद्याने बंधनकारक आहे, ही पहिली. असा सरसकट केंद्रीय कायदा नाही. दुसरी, तीन दिवसांत गाडी परत करता येते. तीन दिवसांचा तो नियम घरी येऊन किंवा तात्पुरत्या जागी केलेल्या विक्रीसाठी आहे, डीलरच्या कायमच्या जागेवर घेतलेल्या गाडीला तो लागू नाही.

मग बंद ब्रँडची गाडी घ्यावी की नाही? माझं मत असं की ब्रँड बंद झाला एवढ्यावरून गाडी टाकाऊ ठरत नाही. त्या गाडीचं जुळं भावंड दुसऱ्या नावाने अमेरिकेतच विकलं गेलंय का, हे आधी शोधा. मर्क्युरी मिलान म्हणजे फोर्ड फ्यूजन, मरिनर म्हणजे एस्केप, ग्रँड मार्क्विस म्हणजे पोलिसांनी आणि टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरलेली क्राउन व्हिक्टोरिया. यांचे पार्ट भरपूर मिळतात. व्हाइबबद्दल वर लिहिलंच आहे, चांगली ठेवलेली मिळाली तर मी आजही घ्या म्हणेन. उलट पॉन्टिअ‍ॅक जी-८ ऑस्ट्रेलियात होल्डनने बनवलेली, आणि होल्डनही आता उरलेली नाही. गाडी दणकट आहे, पण बॉडीला ठोकर लागली तर पार्टसाठी वणवण. विद्यार्थ्याने अशी गाडी घेऊ नये. जुन्या गाडीची किंमतच इतकी कमी असते की अशा ठोकरीनंतर विमा कंपनी ती दुरुस्त करण्याऐवजी निकालात काढते आणि हातात किरकोळ रक्कम ठेवते.

गाडी कुठे बनली हे व्हिन नंबरच्या, म्हणजे प्रत्येक गाडीच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाच्या, पहिल्या अक्षरावरून कळतं. १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको. भाच्याच्या गाडीचं पहिलं अक्षर डब्ल्यू आहे, म्हणजे युरोप. ‘आतून शेव्हरोले’ म्हणणाऱ्याला तिथेच प्रश्न विचारता येतो. तोच व्हिन रस्ता सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या साइटवर फुकट तपासा. या गाडीवर टकाटा एअरबॅगचा २०१६ चा रिकॉल, म्हणजे सदोष भाग बदलून घेण्यासाठी कंपनीने केलेलं आवाहन, तसाच पडून होता, आणि लॉटवर कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. रिकॉल बाकी असलेली जुनी गाडी विकायला डीलरला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, म्हणून हे आपणच पाहावं लागतं. ब्रँड बंद झाला तरी रिकॉलचं काम जनरल मोटर्सचे डीलर करतात. आमचं त्यांनी फुकट करून दिलं.

पैसे देण्याआधी आपल्या ओळखीच्या, त्या लॉटशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे गाडी नेऊ देतात का हे विचारा. शंभर-दीडशे डॉलर जातील. नाही म्हणाले तर पुढे बोलू नका. ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची कड, स्टीअरिंगची घासलेली जागा पाहा, या गोष्टी आकड्याशी जुळल्या पाहिजेत. दाराच्या चौकटीवर, बॉनेटखाली जुने ऑइल बदलल्याचे स्टिकर शोधा. काचेवर लावलेला ‘बायर्स गाइड’ हा कागद नीट वाचा. ‘अ‍ॅज इज’ वर खूण असेल तर गाडी लॉटबाहेर पडल्यावर दुरुस्तीचा खर्च तुमचा. सेल्समन तोंडी जे कबूल करतो ते त्या कागदावर लिहून मागा.

आणि मायलेजबद्दलचा प्रश्न फोनवरून मेसेजने विचारा. आमच्या तक्रारीत आज सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो सेल्समनने स्वतः पाठवलेला ‘८६ हजार, ओरिजिनल’ हा मेसेज. ज्यांची आधीच अशी फसवणूक झाली आहे त्यांनी राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे आणि एनएचटीएसएकडे तक्रार करावी. ओडोमीटरच्या दाव्याला फसवणूक कळल्यापासून दोनच वर्षांची मुदत असते. तक्रार निकालात निघेपर्यंत गाडी भंगारात देऊ नका, तिचा डॅशबोर्ड कुणाला उघडू देऊ नका आणि मूळ कागद कुणाच्याही हातात सोपवू नका, फक्त झेरॉक्स द्या.