पाचवीची दिल्ली सहल: आग्रा वगळा, फेब्रुवारीचा उत्तरार्ध धरा

शाळांना विकल्या जाणाऱ्या ‘दिल्ली-आग्रा, ५ दिवस’ छापाच्या पॅकेजात नागरिकशास्त्र नावापुरतंच असतं. कार्यक्रमात ‘संसद भवन’ लिहिलेलं असतं, पण बसच्या खिडकीतून दिसलेली इमारत एवढाच त्याचा अर्थ निघू शकतो. म्हणून आयोजकाला पहिला प्रश्न हाच विचारा: आत नेणार की बाहेरून दाखवणार? उत्तर लेखी घ्या.

आत जायचं तर पास शाळेनेच काढावा. मुख्याध्यापकांचं पत्र आणि मुलांची यादी आपल्या खासदारांच्या कार्यालयात दीड-दोन महिने आधी पोहोचवावी. यादीतलं नाव आणि आधार कार्डावरचं नाव तंतोतंत जुळवून घ्या. शाळेच्या हजेरीपटावर वडिलांचं नाव असतं, आधारवर नसतं, आणि मूल नेमकं गेटवर अडतं. लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीत १० वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. त्यामुळे चौथीचा वर्ग नेऊ नये आणि पाचवीच्याही जन्मतारखा तपासाव्यात. फोन आणि दप्तरं आत चालत नाहीत. सामान सांभाळायला एक शिक्षक बसमध्येच थांबेल, हे आधीच ठरवा.

अधिवेशन चालू असताना न्यावं की नसताना? लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास ११ वाजता सुरू होतो, राज्यसभेचा १२ वाजता. तो नीट चालला तर मुलांना सोन्याहून पिवळं. पण गोंधळात कामकाज तहकूब झालं की दोन महिन्यांची खटपट पाण्यात जाते. या वयासाठी अधिवेशन नसतानाची भेट उजवी ठरते, कारण सभागृह शांतपणे पाहता येतं. नव्या संसद भवनातल्या लोकसभेत ८८८ आसनं आहेत आणि खासदार ५४३. बाकीची रिकामी का, हे मुलांनाच शोधू द्या. लोकसंख्या, मतदारसंघ, महाराष्ट्राचे ४८ खासदार, सगळं त्यातून उलगडतं. शेजारची जुनी इमारत म्हणजे आताचं संविधान सदन. तिथल्या मध्यवर्ती सभागृहात ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेची पहिली बैठक भरली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, हेही सांगायला विसरू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो तीन मूर्तीच्या प्रधानमंत्री संग्रहालयाला. किमान ३ तास. संविधान कसं घडलं, हा भाग सुरुवातीलाच येतो. घाईतले गट तोच ओलांडून आभासी हेलिकॉप्टर सफरीच्या रांगेत उभे राहतात, तासभर तिथेच मोडतो. रांग शेवटी लावा. ४० मुलांचे ८-८ चे पाच गट करा आणि प्रत्येकाला एकेका पंतप्रधानाचा एक निर्णय शोधायला द्या.

पॅकेजात क्वचितच असणारं, पण महाराष्ट्रातल्या शाळेने चुकवूच नये असं ठिकाण म्हणजे २६, अलीपूर रोड. बाबासाहेबांचं ६ डिसेंबर १९५६ रोजी जिथे महापरिनिर्वाण झालं, तिथे आता उघडलेल्या संविधानाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक आहे. जवळचं मेट्रो स्थानक सिव्हिल लाइन्स. मेट्रोने नेत असाल तर ३ फुटांहून उंच मुलाला पूर्ण तिकीट पडतं, आणि तपासणीत चाळीस जणांचा बराच वेळ जातो, तो वेळापत्रकात धरा.

प्रधानमंत्री संग्रहालय, अलीपूर रोडचं स्मारक, राष्ट्रपती भवनाचं संग्रहालय, गांधी स्मृती: सगळं सोमवारी बंद. त्या दिवशी राजघाट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक करा. तिथे अमर, वीरता, त्याग आणि रक्षक अशी चार चक्रं आहेत. त्याग चक्राच्या भिंतींवर शहीद जवानांची नावं आहेत, ती मुलांना थांबून वाचू द्या. आग्र्याला जाण्यात अख्खा दिवस जातो आणि शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. या सहलीतून तो दिवस काढून टाका.

महिना कुठला? नोव्हेंबरात हवा वाईट, डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास उशिरा, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात संचलनाच्या तालमींमुळे कर्तव्य पथावर अडवणूक. म्हणून फेब्रुवारीचा उत्तरार्ध धरा. त्या सुमारास अर्थसंकल्पी अधिवेशनाला मधली सुट्टी असते आणि राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही खुलं असतं.

पैशांचा हिशेब रेल्वेत चुकतो. ५ ते ११ वर्षांच्या मुलाला अर्धं भाडं स्वतंत्र बर्थ न घेतल्यासच लागतं; पुणे-दिल्लीसारख्या दिवसाहून लांब प्रवासात बर्थ लागणारच, म्हणजे पूर्ण भाडं. मात्र शैक्षणिक सहलीसाठी स्लीपर वर्गात विद्यार्थी सवलत मिळते. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज घेऊन शाळेनेच आरक्षण कार्यालय गाठावं. आयोजकाच्या दरपत्रकात ही सवलत वजा केलेली आहे का, ते पैसे भरण्याआधी तपासा.